निळ्यातलं पिवळं

एवढ्याशा ठिपक्यानं माणसाचा जीव खालीवर व्हावा, ही काय बात झाली? पण झाला खरा. दैवशालानं बोर्ड दिव्याखाली धरला आणि निळ्या उजेडात एक पिवळा ठिपका तिच्याकडं टक लावून बघत राहिला. सकाळची पहिली खेप होती. वाळवणीच्या यंत्रातून पट्ट्यावर सरकत हिरवे बोर्ड बाहेर यायला लागले होते, कोमट, वार्निशच्या वासाचे. कारखान्याचे मालक महारुद्र सर त्या यंत्राला ड्रायर म्हणायचे, बाकी सगळे बोगदा. परभणीच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा कारखान्यात विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमधले बोर्ड तयार व्हायचे. ओलीनं, मुंग्यांनी, पालींनी ते खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर पारदर्शक वार्निशचा फवारा मारायचा आणि ओले बोर्ड बोगद्याच्या एका तोंडात सोडायचे. आत गरम वारं. दुसऱ्या तोंडाशी दैवशाला. बोर्ड कडेनं उचलायचा, बोटाच्या मागच्या बाजूनं चिकटतोय का बघायचा आणि काळ्या पडद्याच्या खोपटात नेऊन जांभळ्या दिव्याखाली धरायचा. वार्निशमध्ये असं काही घातलेलं असतं की त्या दिव्याखाली ते निळंशार उजळतं. जिथं निळं नाही तिथं लेप नाही. काळा कण म्हणजे धूळ, पांढरी रेघ म्हणजे कुणाचा तरी केस, हे सगळं तिला पाठ होतं. पण पिवळा? तोही नुसता पिवळा नाही, हिरवट, काजव्याच्या बुडासारखा, आणि भोवती त्याच रंगाचं पसरलेलं कडं. असं तिनं बोर्डावर आजवर बघितलं नव्हतं.

बोर्डावर बघितलं नव्हतं, पण त्याच क्षणी दुसरीकडं दिसलं. तिच्या स्वतःच्या बोटाचं टोक तसंच उजळलं होतं. सकाळी घरून निघताना आत्यानं कपाळाला हळदीचा भंडारा लावला होता, टोपीखाली खाज आली म्हणून तिनं वाटेत बोट फिरवलं होतं, बस्स, तेवढंच. तिला वाटलं, म्हणजे आपलंच बोट लागलं की. आपल्याच हातची घाण. हसू आलं तिला. उठली, नळावर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात घासले, हात झटकत परत आली आणि पुढचा बोर्ड अगदी कडांनी उचलून दिव्याखाली धरला. त्यावरही होते. एक कोपऱ्यात, एक मधल्या काळ्या चौकोनाला टेकून. तिनं नखानं टोकरून बघितलं. निघेना. नख वरच्यावर गुळगुळीत सरकत गेलं, कारण ठिपका लेपाच्या वर नव्हता, लेपाच्या आत होता. लेप ओला असतानाच तो येऊन बसला होता. म्हणजे बोगद्यातच. मग मात्र तिचं हसू गेलं, कारण बोगद्याच्या पोटात पिवळं काय असू शकतं हे त्या अख्ख्या कारखान्यात तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार होतं? आत्याच्याच मुठीनं गेलं होतं ते.

खंडेनवमीला महारुद्र सरांनी सगळ्यांना घरच्या माणसांना घेऊन बोलावलं होतं. यंत्रं धुऊनपुसून लखलखीत केलेली, झेंडूच्या माळा, नारळ. महारुद्र सर म्हणजे पुण्याची नोकरी सोडून, वडील माणिकराव नको नको म्हणत असताना इथं येऊन कारखाना काढलेला माणूस. वयानं लहान, तोंडानं गोड, मनानं सदा घाईत. आत्या येईल असं दैवशालाला वाटलंच नव्हतं. आत्या म्हणजे तिची सासू सरजाबाई, आणि सासू व्हायच्या आधीची सख्खी आत्या, बापाची थोरली बहीण. मेंढराशेरडात हयात गेलेली बाई. सून परभणीला कारखान्यात जाते हे तिला पहिल्यापासून रुचलं नव्हतं. भांडली नाही, ओरडली नाही, नुसती बोलायची बंद झाली. नवरा हरिओम मेंढरं घेऊन गोदावरीकाठाला गेलेला, पिंगळीच्या घरात दोघीच, आणि दोघींच्या मध्ये अबोला. ताटात भाकर वाढायची आणि तोंड फिरवायची. मुकं जनावरसुद्धा परवडतं, ते निदान अंगाला अंग घासतं. तर अशी ही आत्या त्या दिवशी नवं लुगडं नेसून, मेलेल्या नवऱ्याची भंडाऱ्याची पिशवी कमरेला लावून कारखान्यात आली आणि सगळं सोडून बोगद्यापुढं जाऊन उभी राहिली.

"ह्याच्या पोटात काय हाय?" तिनं विचारलं होतं. सर हौसेनं सांगायला लागले, "आजी, ओला माल हिकडून आत जातो, आन् तिकडून वाळून बाहीर येतो." आत्यानं वाकून आत बघितलं, पट्ट्यावरून हात फिरवला, पत्र्याच्या कुशीवर थाप मारून बघितली. "म्हंजी गाभणी हाय म्हणा की," ती म्हणाली, आणि सगळा कारखाना हसला. सर तर डोळे पुसेपर्यंत हसले. "हौ आजी, गाभणीच हाय. टाका, हिच्यावरबी टाका भंडारा, सढळ हातानं टाका." आत्यानं मूठ भरली. पण वर टाकला नाही. "गाभणीला वरून लावून काय हुतंय? पोटाला लागाय पाह्यजे," असं म्हणत तिनं ती भरलेली मूठ बोगद्याच्या तोंडात आत खोल उधळली आणि येळकोट म्हणून आरोळी दिली. सगळ्यांनी तिच्यामागं आरोळी दिली, दैवशालानं सगळ्यांत मोठ्यानं. कारण मूठ उघडताना आत्यानं मागं वळून तिच्याकडं बघितलं होतं, कितीतरी महिन्यांनी सरळ डोळ्यांत, आणि म्हणाली होती, "माझ्या दैवाला बरकत येऊ दे." त्या रात्रीपासून घरात बोलणं सुरू झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी निघताना आत्याचा अंगठा कपाळावर यायचा, खरबरीत, जाड, शेळीच्या खुरासारखा कडक, आणि पाठोपाठ, "जा आता. मल्हारी राखणीला हाय." दैवशाला मान वाकवायची तेव्हा तिला आपण लहान असल्यासारखं वाटायचं. गावभर आत्या सांगत सुटली होती, आमच्या सुनंचं यंत्र, मी भंडारा टाकून आलेय त्याच्यावर. यंत्र सुनेचं झालं होतं.

आणि त्या दिवशी कोण नव्हतं तेही तिला आठवलं. सिद्धोधन नव्हता. पेडगावच्या बौद्धवाड्यातला सिद्धोधन, वार्निश कालवणारा आणि फवारा मारणारा. तोही कधीकाळी पुण्याकडं राहून आलेला, हातात कसब असलेला, कमी बोलणारा. बोर्ड कडेनं धरायचा, मधे बोट लावायचं नाही, हे त्यानंच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पूजेच्या आदल्या दिवशी बोगदा आतबाहेरून त्यानंच पुसला होता, आणि पूजेच्या वेळी तो गेटबाहेर चहाच्या टपरीपाशी उभा होता. कुणी त्याला बोलावलं नाही आणि तोही आला नाही. दरवर्षी असंच व्हायचं म्हणे. कुणी काही बोलायचं नाही. पेढा मात्र त्यानं घेतला होता, दोन्ही हातांनी.

पण ते होऊन किती दिवस लोटले. दुसऱ्या दिवशी पट्टा झाडला, पुसला, काम सुरू झालं, एकही ठिपका नाही. दिवाळी झाली. मग थंडी पडली आणि बोर्ड चिकट निघायला लागले म्हणून काल संध्याकाळी सरांनी बोगद्यातले पंखे वाढवले. दैवशाला हे सगळं एकापुढं एक ठेवत गेली आणि तिला ते नको असताना जुळत गेलं. आत्याच्या दांडग्या हातानं फेकलेली मूठ पट्ट्यावर पडलीच नसणार, पार आत, पंख्यापुढच्या जाळीमागं जाऊन बसली असणार. इतके दिवस गपगुमान बसली आणि काल वारं वाढलं तशी उठली. तिनं पडद्यातून डोकं बाहेर काढून बोगद्याकडं बघितलं. तो नेहमीसारखा घुमत होता. त्याच्या उघड्या तोंडातून गरम झुळूक येत होती आणि ती झुळूक नाकाला लागू नये म्हणून तिनं श्वास धरला, कशाला ते तिचं तिलाच कळलं नाही.

सर आले तेव्हा नाकारलेल्या बोर्डांचा ट्रे भरत आला होता. त्यांनी दिव्याखाली एक बोर्ड बघितला, दुसरा बघितला आणि त्यांचा चेहरा जांभळ्या उजेडात म्हातारा दिसायला लागला. उद्या सकाळी पुण्याच्या कंपनीचा माणूस माल बघायला येणार होता. त्याला पसंत पडला तर कारखाना उभा राहणार, नाही तर वडलांचं खरं होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. "हे वार्निश हाय," सर म्हणाले. "वार्निशच फाटलंय. नीट कालवलं नसंल, गाळलं नसंल." आणि पडदा बाजूला सारून त्यांनी हाक मारली, "सिद्धोधन!" दैवशालाच्या तोंडात शब्द आला होता. अगदी जिभेवर. भंडारा, एवढा एकच शब्द. पण तो बाहेर पडायचा तर त्याच्यामागून आत्या येणार, आत्याची मूठ येणार, मेलेल्या सासऱ्याची पिशवी येणार, आणि सगळ्यांदेखत दिलेली ती आरोळी. देवाच्या भंडाऱ्यानं माल नासला, असं कुणी तोंडानं म्हणतं का? आणि म्हटलं तर ते पिंगळीला पोचायला संध्याकाळ तरी लागेल का? तिनं शब्द गिळला. सिद्धोधन आला, ऐकून घेतलं, म्हणाला, "गाळलंय सर. दोनदा गाळलंय." सर ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पावसाळ्यात एकदा त्याच्या हातून वार्निश न गाळता गेलं होतं, ती जुनी गोष्ट निघाली. मग सर आवाज खाली आणून बोलले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "दुपारून फवाऱ्यावर पॅकिंगच्या शालूला बशिवतो. तू आजचा दिवस भर. उद्यापासून येऊ नको. उद्या तो माणूस इचारणार कुणामुळं झालं, मला कायतरी सांगावं लागंल ना."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. पण चोर तरी कोण होतं? कुणीच तर चोरी केली नव्हती. एका म्हातारीनं जीव तोडून भलं मागितलं होतं. दैवशाला खोपटात बसून बोर्डांवर बोर्ड उचलत राहिली आणि तिच्या डोळ्यांपुढं निळ्याच्या जागी एक ओढा यायला लागला. राणीसावरगावच्या खालचा, फार लहानपणीचा. बाप सटवाजी त्या दिवशी मेंढरांच्या पाठीवर कावेची खूण करत होता, लाल, ओली, बोटांनी ओढलेली. खूण वाळू द्यावी, मग कळप हलवावा, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. पण बापाला घाई. तसाच ओढ्यात घातला कळप, आणि पलीकडून सिताराम नावाच्या दुसऱ्या धनगराचा कळप आला. पाण्यात मेंढराला मेंढरू घासलं. बाहेर निघाली तेव्हा सितारामच्याही मेंढरांच्या कुशीला लाल पट्टे. संध्याकाळी तळावर गलका झाला, सितारामनं सटवाजीची मेंढरं चोरून आपल्यात वळवली म्हणून. बाप विडी ओढत बसला होता. त्याला ठाऊक होतं. आपली खूण ओली होती, आपलाच रंग त्याच्या अंगाला गेला, हे त्याला ठाऊक होतं आणि तो म्हणत होता, बघू, सकाळी बघू, लोकं निवली की सांगू. सकाळी सिताराम तळावर नव्हता. बायकापोरं, बिऱ्हाड, सगळं घेऊन अंधारातच निघून गेला होता. पुढं कुठल्या जत्रेत दिसला तरी तो तोंड फिरवून जायचा. बाप वाईट माणूस नव्हता, हे दैवशाला कुणाहीपुढं छातीवर हात ठेवून सांगेल. नुसता एक रात्र गप्प बसला होता. त्याची बहीण आज तिची सासू होती आणि त्याची लेक आज इथं गप्प बसली होती. रक्तातच असेल का हे, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता वार्निशच्या खोलीकडं गेली. खाई त्याला खवखवे. तिनं खाल्लं काहीच नव्हतं, तरी खवखवत होतं. सिद्धोधन एकटाच होता. सकाळचंच वार्निश तो परत एकदा पांढऱ्या फडक्यातून गाळत होता, आणि फडकं उजेडात धरून बघत होता. फडकं स्वच्छ होतं. तिला वाटत होतं, ह्यालाच काहीतरी सापडावं, ह्यानंच सरांकडं जावं, आपल्याला बोलावंच लागू नये. "भाऊ," ती दारातून म्हणाली, "सापडलं का काय?"

"वार्निशात कायच न्हाई, ताई."

"मंग कशानं झालं असंल?"

त्यानं फडकं पिळलं, घडी घातली, बाजूला ठेवलं. तिच्याकडं बघितलं नाही. "तुमाला म्हाईत हाय की."

ती दारातून आत आली. "सकाळी बोगदा तापला, पंखा सुरू झाला, तवाच वास आला मला," तो म्हणाला. "हळदीचा. लगीनघरात येतोय तसा. आता कारखान्यात हळद कुठून आली? मी टपरीपाशी हुबा होतो तरी आरोळी ऐकू आलीच होती मला."

"मंग सांगितलं का न्हाई सरांना?"

आता मात्र त्यानं वर बघितलं. रागानं नाही. नीट समजावून सांगावं तसं तो बोलला. "मी सांगू? भंडाऱ्यानं माल खराब झाला, असं मी सांगायचं? ताई, तुमी सांगितलं तर ती चूक हुती. मी सांगितलं तर काय हुतं, बघा इचार करून. पूजेला हात जोडले न्हाईत, बाहीर हुबा राह्यला, आन् आता देवालाच नाव ठेवायलाय. वार्निश बिघडलं म्हणून काढलं तर दुसरीकडं काम बघता येतं. ते दुसरं एकदा नावाला चिकटलं ना, की मंग गावातबी ऱ्हाणं मुश्किल." एवढं बोलून तो डबे झाकायला लागला. एकेक झाकण दाबून बसवत होता, जसं काही उद्याही तोच उघडणार होता. त्याच्यापुढं उभं राहायची तिला लाज वाटली आणि ती मागं न बघता निघून आली.

दुपारून शालू फवाऱ्यावर बसली. बिचारी पोरगी, फवारा कधी हातात न धरलेली. आणि दैवशालाच्या मनात एक नवीच वाट निघाली, चोरवाट. संध्याकाळी सगळे गेले की जाळी काढायची, आतला भंडारा फडक्यानं पुसून घ्यायचा. कुणाला पत्ता नाही. उद्या माल स्वच्छ, कंपनीचा माणूस खुश, सर खुश, आत्या खुश. झाकली मूठ. इतकं सोपं होतं की तिला हसू यायला झालं, आणि मग ते हसू तिथंच थिजलं. उद्या माल स्वच्छ निघाला तर सगळे काय म्हणतील? सिद्धोधन गेला आणि ठिपके गेले. शपथेवर सांगायला कारखाना तयार होईल. जाळी पुसून आपण भंडारा पुसणार नव्हतो, त्या माणसाच्या कपाळी उलट कायमचा ठिपका लावणार होतो. आणि तिनं हा विचार पुरा करायच्या आतच जे व्हायचं ते व्हायला लागलं होतं. पट्ट्यावरून शालूचे बोर्ड येत होते, आणि ठिपके कमी होत होते. मूठ ती मूठ, किती पुरणार? दुपारभर वाऱ्यानं उडून उडून आत काही उरलंच नव्हतं. एका बोर्डावर एकच ठिपका, फिकट. मग एक कोरा निळा. मग परत एक बारीकसा, आणि मग निळे, निळेच, एकामागून एक, शहाण्यासारखे. एरवी असा स्वच्छ माल बघून तिचा जीव सुपाएवढा झाला असता. आज प्रत्येक निळ्या बोर्डागणिक तिच्या छातीवर कुणीतरी एकेक वीट ठेवत होतं. देवा, एक तरी पिवळा येऊ दे, असं ती मागायला लागली. माल बिघडू दे म्हणून देवाला साकडं घालणारी ती त्या कारखान्यातली पहिलीच बाई असणार.

सांगायचं कसं, हा घोर वेगळाच होता. ती वाक्यं जुळवत होती. सर, आत्यानं पूजेला. सर, त्या दिवशी आमच्या घरून. प्रत्येक वाक्य आत्यापाशी येऊन अडत होतं. सकाळचा तो अंगठा कपाळावर अजून होता, तिला तो जाणवत होता, टोपीच्या रबराखाली. आज आपण बोललो तर उद्या तो अंगठा पुढं येईल का? की परत ताटात भाकर वाढून फिरवलेलं तोंड, परत तो पिंगळीच्या घरातला अबोला, हरिओम येईपर्यंत, आणि आल्यावरही? तिला आत्या हवी होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. आई लहानपणीच गेलेली. कपाळाला रोज हात लावणारं तिला दुसरं कोण होतं? एका माणसाची भाकर एकीकडं आणि आपल्या कपाळावरचा एक अंगठा एकीकडं, असं तोलायची वेळ देवानं आणली होती, आणि भाकर जड आहे हे कळत असूनही तिचा हात दुसऱ्या पारड्यावरून निघत नव्हता. पट्टा सरकत होता. पडद्याच्या फटीतून तिला सिद्धोधन दिसत होता. त्यानं आपली पिशवी भरून भिंतीशी ठेवली होती आणि तो फवाऱ्याचं नळकांडं धुऊन, पुसून, शालूला ते कसं धरायचं दाखवत होता.

सर खोपटात आले ते हसतच. हातात ताजा बोर्ड होता, त्यांनीच उचललेला. "बघितलंस का दैवशाला? माणूस बदलला, माल सुधारला. मी म्हणत हुतो ना." त्यांनी तो दिव्याखाली धरला. निळाशार, एक डाग नाही. सरांचे दातही त्या उजेडात निळे दिसत होते, सदराही. त्यांना इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की तिला त्यांची कीव आली. "न्हाई सर," ती म्हणाली. मग परत म्हणाली, "न्हाई." सर थांबले. "काय न्हाई?"

इथं वाक्य हवं होतं, आणि एकही वाक्य आलं नाही. दिवसभर जुळवलेली सगळी कुठं गेली कोण जाणे. तेव्हा तिनं टोपी मागं सारली आणि रोज सकाळी उंबऱ्यात वाकवते तशी मान वाकवली. त्या जांभळ्या दिव्याखाली.

तिला स्वतःला काही दिसलं नाही. नुसता कपाळावर दिव्याचा चटका. मग नाकारलेल्या ट्रेमधला एक बोर्ड उचलल्याचा आवाज आला, आणि तो बोर्ड तिच्या कपाळाच्या अगदी जवळ आला. तो गेला, दुसरा आला. बाहेर बोगदा घुमत होता.

"भंडारा," सर म्हणाले.

"हौ."

"पंखा वाढिवला म्हणून उठला." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. मग आणखी खालच्या आवाजात म्हणाले, "मीच म्हणलो हुतो त्यांना. सढळ हातानं टाका म्हणून."

ती मान वर करेना. वर केली तर सरांचं तोंड बघावं लागेल असं तिला वाटलं. सर म्हणाले, "आजींना सांगू नको. जिवाला लावून घेतील." ती खाली बघतच म्हणाली, "सांगावं लागंल सर. न्हाईतर पुढच्या सालीबी टाकतील." आणि हे बोलल्यावर तिला कळलं की आपण सांगणार आहोत, आजच, डबा खाली ठेवायच्या आधी, आणि मग काय व्हायचं ते होवो. भीती गेली नव्हती, तिळभरही नाही.

सरांनी पडदा सारून सिद्धोधनला हाक मारली. सकाळची हाक वेगळी होती. तो आला आणि पडद्यापाशी थबकला. सरांनी काही सांगायच्या आधीच त्यानं तिच्या कपाळाकडं बघितलं असणार. "बघ," सर म्हणाले, "हे बघ काय हुतं ते. मी उगंच तुला." मग जे तोंडाला आलं ते बोलले, अगदी सहज, मनात काही नसताना. "तू तर बोगद्यापाशीच असतोस. तुला कसं रे कळलं न्हाई?"

दैवशालानं मान वर केली. वाटलं, आता हा सांगेल. आता तर सांगायला काही हरकत नाही, सगळं उघड झालंय, मी स्वतः उभी आहे इथं, माझं कपाळ उभं आहे. सिद्धोधननं सरांकडं बघितलं, मग क्षणभर तिच्याकडं. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं.

"न्हाई सर," तो म्हणाला. "मला कुठून कळणार?"

सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उद्या वेळेवर यायला सांगितलं. तो हौ म्हणाला. जाता जाता त्यानं दिव्याखालचा निळा बोर्ड उचलला, कडेनं, मधे बोट न लावता, आणि पडदा परत नीट लावून गेला. दैवशालानं टोपी पुढं ओढली. पट्ट्यावर बोर्ड साठायला लागले होते, म्हणून ती उठली.